कुक्षीपलीकडचा समुद्र

मालन धोत्रे १९८४ च्या जानेवारीत देवासला आली ती परत न जाण्याच्या विचारानं. रामेश्वरच्या अलीकडे, पाल्कच्या उपसागराच्या काठी एक छोटं संशोधन केंद्र होतं; तिथं तिनं साडेसात वर्षं काढली होती. समुद्राच्या तळाशी उगवणारं गवत हा तिचा विषय. इकडे देवासच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची एक जागा निघाली होती, आणि तिच्या थोरल्या भावानं, सुभाषनं, अर्जाचा कागदही आणून ठेवला होता. मुलाखत फेब्रुवारीत होती.

सुभाष एका कारखान्यात फिटर होता. कंपनीच्या कॉलनीत त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. तिथं तो, त्याची बायको नलिनी आणि वडील रघुजी असे तिघं राहत. मालन आली की चौथी खाट अंगणात पडे. कॉलनीतल्या बायकांना तिचं काम कळत नसे, पण ती रामेश्वराला असते एवढं त्यांना पुरेसं होतं. तिनं आणलेल्या बाटलीतलं समुद्राचं पाणी नलिनी घरोघर पळीपळीनं वाटून येई.

रघुजी म्हणजे धारचे पाथरवट. पवार सरदारांच्या मागोमाग जी माणसं दख्खनेतून माळव्यात आली त्यांत त्यांचे पूर्वजही होते. पण त्यांच्या हातात भाला नव्हता, टाकी आणि हातोडा होता. जाती, पाटे, देवळांच्या पायऱ्या, विहिरींचे कठडे, पिढ्यान् पिढ्या हेच काम. चाळीस वर्षं दगड फोडून रघुजींच्या छातीत दगडाची भुकटी बसली होती. पन्नास पावलं चालले की थांबावं लागे. डॉक्टरनं काम बंद करायला सांगितलं तेव्हा सुभाष त्यांना धारहून देवासला घेऊन आला. बायको, रुक्मिणी, आधीच गेली होती.

मालन धारला बी.एस्सी. झाली, उज्जैनला एम.एस्सी. झाली आणि चोविसाव्या वर्षी, आयुष्यात समुद्र पाहिलेला नसताना, समुद्राच्या नोकरीवर गेली. पहिल्या रजेत घरी आली तेव्हा तिनं वडिलांपुढं वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं एक रोपटं ठेवलं होतं. पट्टीसारखी चार पानं, खाली गाठीगाठींचं खोड आणि केसांसारखी मुळं. रघुजींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, हे शेवाळ का? तिनं सांगितलं, शेवाळ नव्हे. शेवाळाला खरी मुळं नसतात, याला आहेत. हे आपल्या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या झाडांच्याच कुळातलं. फार फार पूर्वी याचे पूर्वज जमिनीवर होते. मग ते परत पाण्यात गेले आणि तिथंच राहिले.

"फूल येतं याला?" रघुजींनी विचारलं.

येतं, ती म्हणाली. पाण्याच्या आतच येतं, आणि तिथं ना वारा ना मधमाशी. त्याचे परागकण गोल नसतात, दोऱ्यासारखे लांब असतात. भरतीच्या पाण्याबरोबर ते दोरे वाहत जातात आणि दुसऱ्या फुलाला अडकले की झालं.

रघुजींनी ते वाळलेलं रोप पुन्हा कागदात नीट मिटवलं आणि तिच्या हातात दिलं. त्या संध्याकाळी शेजारच्या अण्णांना, जे त्यांच्या बरोबरीचे होते आणि ओट्यावर रोज येऊन बसत, ते एवढंच सांगत होते की दोरा वाहत जातो आणि बरोबर फुलाला सापडतो, आणि हे कुणाला दिसत नाही तरी रोज होतं.

ही १९७८ ची गोष्ट. त्यानंतर मालन दर रजेत त्यांना सांगत गेली. त्या गवताच्या कुरणात कोळंबीची पिल्लं वाढतात, समुद्रगाय नावाचं गाईएवढं जनावर येऊन चरून जातं आणि त्याच्या चरण्याच्या वाटा तळावर उमटलेल्या दिसतात. गवताच्या मुळांनी तळाची वाळू धरून ठेवलेली असते, म्हणून किनारा वाहून जात नाही. ओहोटीला गुडघाभर पाण्यात ती कुरणात चालते तेव्हा पायाखाली गादीसारखं लागतं. रघुजी हे सगळं ऐकत आणि मधूनच असा एखादा प्रश्न विचारत की मालनला उत्तर शोधायला केंद्रावर परत जावं लागे.

या वेळी मात्र ती काही सांगेना. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगणात गहू निवडताना रघुजींनीच विचारलं तेव्हा तिनं सांगितलं.

तिच्या कुरणापासून कोसभर अंतरावर होड्यांसाठी नवा धक्का बांधत होते. तळ खोल करताना उपसलेला चिखल दोन वर्षं तिच्या गवतावर येऊन बसत होता. गवत काळवंडलं, गळालं, आणि सव्वादोनशे एकरांचं कुरण मरून गेलं. तिनं अहवाल लिहिला. धक्क्याचं काम करणाऱ्यांनी उत्तर दिलं की तिथं कुरण असं कधी नव्हतंच. सगळा चिखलाचाच भाग, कुठं कुठं चार काड्या उगवत असतील. जुने नकाशे नव्हते. तिच्याआधी कुणी तिथं गवत मोजलेलं नव्हतं. तिच्या सात वर्षांच्या नोंदींवर ते म्हणाले की एकट्या बाईनं पाण्यात उभं राहून केलेल्या नोंदी कशावर ताडून पाहायच्या. कोळी शपथेवर सांगायला तयार होते, पण कोळ्यांचं बोलणं पुरावा म्हणून चालत नव्हतं. केंद्राच्या प्रमुखांनी तिला दुसरा विषय घ्यायला सुचवलं होतं.

"म्हणजे तिथं आधी काय होतं ते दाखवायचं आहे," रघुजी म्हणाले.

"हो आबा. पण जे मेलं ते कसं दाखवू?"

रघुजींनी सुपातले खडे बाजूला काढले. मग म्हणाले, "माझ्याबरोबर कुक्षीला चल. चार दिवस लागतील."

सुभाषला हे पटलं नाही. आबांना बसचा प्रवास झेपणार नाही, आणि मुलाखत पंधरा दिवसांवर आली आहे, असं तो म्हणाला. "पक्की नोकरी आहे मालन, घरची भाकरी आहे. तुला अजून काय पाहिजे?" नलिनीनं मात्र दशम्या बांधून दिल्या आणि हळूच म्हणाली, "वन्सं, जाऊन या. मामंजी इतक्या वर्षांत कुठं जायचं म्हणाले नव्हते."

देवासहून इंदूर, इंदूरहून धार, धारहून मनावरमार्गे कुक्षी. धारला बस बदलताना रघुजी स्टँडवरच्या बाकड्यावर अर्धा तास नुसते श्वास घेत बसले. मालननं दोनदा म्हटलं, परत फिरू. त्यांनी मान हलवली. कुक्षीला शालिग्राम नावाचा त्यांचा जुना जोडीदार राहत होता. तरुणपणी रघुजी दगड फोडत आणि शालिग्राम तो गाड्यात भरून वाहत असे. तो त्यांना बघून दारातच उभा राहिला आणि मग हसत म्हणाला, "रघु भिया, तुम तो आधे रह गए." रात्री जेवताना दोघं म्हातारे मराठी, हिंदी आणि निमाडीची मिसळ करून एका विहिरीबद्दल बोलत होते. १९५३ साली ती विहीर बांधायला रघुजी दोन महिने इथं राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिग्रामनं बैलगाडी जोडली. बाघ गावाच्या बाजूला दोन तास गेल्यावर गाडी थांबली. पुढं एक नाला होता. जानेवारीत त्यात पाणी म्हणजे दोन-चार डबकी. पलीकडच्या टेकडीच्या माथ्यावर काळा फत्तर दिसत होता, मालनला लहानपणापासून माहीत असलेला, धारभर पसरलेला. पण नाल्यानं कापलेला काठ काळा नव्हता. तो पिवळसर, पांढुरका, मध्ये विटकरी असा थराथरांचा होता आणि दोन पुरुष उंच होता.

रघुजी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. काठाशी पोचायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. पोचल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं दगडाचा एक पट्टा पुसला आणि बाजूला झाले.

तो पट्टा शिंपल्यांचा होता.

शिंपल्यांची नक्षी नव्हे, खरेच शिंपले. तळहाताएवढे, जाड, एकावर एक रचलेले, दगड झालेले, हातभर जाडीचा थर, आणि तो थर नाल्याच्या वळणापर्यंत सरळ चालत गेला होता. मालननं हात लावला. कालवं होती. तिच्या किनाऱ्यावरचे कोळी ज्यांना सुरीनं उघडतात, तशीच. त्यावरच्या पांढऱ्या गाठाळ दगडात लिंबाएवढे गोटे रुतले होते. तिनं एक मोकळा पडलेला उचलून पालथा केला, तर त्याच्या पाठीवर पाच पाकळ्या कोरलेल्या होत्या. तो समुद्रातला काटेरी जीव होता, काटे गळून गेलेला. असे तिनं गवताच्या मुळांशी जिवंत शेकड्यानं मोजले होते.

उज्जैनच्या पुस्तकात एक ओळ होती की पूर्वी एक समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. परीक्षेसाठी तिनं ती पाठ केली होती आणि विसरून गेली होती. ते वाक्य आणि हा नाला यांचा संबंध तिच्या मनात कधी आला नव्हता. आता ती समोर उभी होती. जवळचा समुद्र इथून दीडशे मैलांवर. आणि इथं शालिग्रामच्या बैलांच्या पायाखाली, हरभऱ्याच्या शेताखाली, भरती-ओहोटी झाली होती. ती खाली वाळूवर बसली.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तू समुद्राची शिकलेली. मला वाटलं, तुला ठाऊकच असणार." रघुजी दगडाला टेकून बसले. दम खाल्ल्यावर त्यांनी हातातली काठी थराच्या खालच्या अंगाला टेकवली. "आता बघ. इथं शिंपल्यांची तोंडं उघडी आहेत. अर्धं एकीकडं, अर्धं भलतीकडं. म्हणजे ही मेली आणि मग पाण्यात लोळली. आता वर ये. इथं सगळी मिटलेली आहेत, जोडीनं, उभीच्या उभी. ही जिती होती तेव्हा वरून गाळ पडला. तोंड उघडायला सवड मिळाली नाही."

मालननं वाकून पाहिलं. तसंच होतं. खाली सुटे, घासलेले अर्धे. वर बंद जोड्या, त्यांवर बोटभर बारीक मातकट दगड आणि त्याच्यावर एकही शिंपला नाही.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"कोण सांगणार? विहिरीसाठी दोन महिने रोज हाच फोडत होतो. जिथं मिटलेली असतात तिथं दगड सरळ फुटत नाही, घाव वाया जातो. तेव्हा कळायला लागलं. दगड खालून वर वाचायचा, माले. आधी झालं ते खाली, मागून झालं ते वर. वरचं कितीही पडलं तरी खालचं पुसत नाही."

हे बोलताना त्यांना खोकला आला आणि ते थांबले. मालन थरावरून हात फिरवत पुढं सरकत गेली. एका जागी दगडात अंगठ्याएवढ्या नळ्या होत्या, फांद्या फुटलेल्या, दुसऱ्या रंगाच्या गाळानं भरलेल्या. तिनं त्या लगेच ओळखल्या. तिच्या उपसागरात चिखलातली कोळंबी अशीच बिळं करते. ओहोटीला ती त्यांच्यात बोट घालून खोली मोजायची. तिनं दगडातल्या त्या बिळाला बोट लावलं. नऊ कोटी वर्षांपूर्वी एका जिवानं इथं चिखल उकरला होता, भरतीची वाट पाहिली होती. तो गेला, समुद्र गेला, वरून आगीचे लोट येऊन काळा फत्तर झाला, आणि त्याचं घर अजून इथं होतं, तिच्या बोटाला बसेल एवढं.

सूर्य माथ्यावर आला तरी ती तिथंच होती. शालिग्राम दोनदा भाकरी खायला बोलावून गेला.

जेवताना रघुजींनी विचारलं, इथं तुझं गवत होतं का? तिनं खरं ते सांगितलं. गवत मऊ असतं, कुजून जातं, दगडात क्वचितच राहतं. आणि बहुधा तेव्हा ते जमिनीवरून समुद्रात गेलेलंही नसेल. हे बोलता बोलता ती थांबली. गवत राहत नाही. पण गवतावर राहणारे राहतात.

तिच्या कुरणात मोहरीच्या दाण्याएवढी एक गोगलगाय होती. गवताच्या पानावर ती जगायची, पानावरची साय खरवडून खायची, दुसरीकडं कुठंही सापडत नसे. सात वर्षं पानं धुताना मालननं हजारो मोजल्या होत्या, आणि त्यांना उपद्रवच समजत आली होती, कारण त्या काढल्याशिवाय पानांचं वजन करता येत नसे. मेली की तिचा शंख तळाशी पडणार. वरून धक्क्याचा चिखल पडला असेल चार बोटं, आठ बोटं. खालचं पुसलं जाणार नव्हतं.

तिनं हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "किती खोल खणावं लागेल?"

"खणायचं नाही. नळी ठोकायची आणि सबंध वर काढायची."

"मग भोसकू नको. हळू दाब. थर मोडला तर वाचता येणार नाही."

मुलाखतीच्या दिवशी ती मद्रासच्या गाडीत होती. सुभाष स्टेशनवर सोडायला आला, पण सबंध वेळ तिच्याशी बोलला नाही. गाडी हलताना मात्र त्यानं खिडकीतून हात आत घातला आणि कारखान्यातून आणलेली एक लोखंडी कडी तिला दिली. नळीच्या तोंडाला बसव, म्हणाला, म्हणजे प्लॅस्टिक फाटणार नाही.

त्या उन्हाळ्यात मालननं चार कोळ्यांना बरोबर घेऊन कुरणाच्या जागी छत्तीस नळ्या घेतल्या. पाणी काढायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या, हात-हातभर लांब. तीन माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती नळी तळात दाबत, चौथा वरचं तोंड बंद करी, आणि मग सगळे मिळून ती वर खेचत. केंद्रावर आणून ती नळी उभी चिरायची, एक अर्धुक तसंच जपून ठेवायचं, दुसऱ्यातला गाळ बोटाबोटानं कापायचा, प्रत्येक तुकडा चाळणीत धुवायचा आणि भिंगाखाली शंख मोजायचे. पहिल्या नळीत वरच्या चार बोटांत काहीच निघालं नाही. पाचव्या बोटाला चाळणीत पांढरी मोहरी चमकली. तिनं मोजले, एकशे बारा शंख. त्याखाली दीडशे. त्याखालीही होते. छत्तीसपैकी एकतीस नळ्यांत हेच होतं. तिथं कुरण होतं, आणि तिच्या जन्माआधीपासून होतं.

तेवढ्यानं झालं नाही. धक्क्याच्या कामासाठी एक समिती बसली होती. त्या समितीनं हे मानलं की गवत होतं. पण आता ते मेलंच आहे, तेव्हा चिखल टाकायचा थांबवून तरी काय फायदा, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. मेलेलं कुरण परत येतं का, याचं उत्तर मालनजवळ नव्हतं.

१९८५ च्या दिवाळीत ती देवासला आली तेव्हा तिच्या सामानात एक नळी होती, उभी चिरलेली, गाळासकट वाळवलेली, जाड फडक्यांत गुंडाळून दोन दिवसांच्या प्रवासात मांडीवर धरून आणलेली. रघुजींना किनाऱ्यावर न्यायचं तिच्या मनात होतं, पण आता ते खाटेवरून फारसे उठत नव्हते. तेव्हा तिनं समुद्राचा तळच त्यांच्याकडे आणला होता.

दुपारी खाट उन्हात ओढली. मालननं नळीचं अर्धुक त्यांच्या पुढ्यात आडवं ठेवलं आणि कोणतं तोंड खालचं ते दाखवलं. नलिनी कणकेचे हात तसेच घेऊन येऊन उभी राहिली. रघुजींनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचं मधलं बोट खालच्या टोकाशी ठेवलं. चाळीस वर्षांच्या कामानं त्यांच्या बोटांची कातडी घट्ट झाली होती, पण त्याच बोटांनी ते जात्याच्या पाळूला टाकी कुठं कमी पडली ते सांगत. बोट सावकाश वर सरकू लागलं. ते पुटपुटत होते: इथं भरभरीत आहे, शंख आहेत. इथंही आहेत. इथं गाळ बारीक झाला.

मधोमध बोट थांबलं. मागं गेलं, पुन्हा पुढं आलं.

"इथं वाळू आहे," ते म्हणाले.

मालन म्हणाली, वाळू नाही, सबंध नळीत एकच चिखल आहे, मी छत्तीस कापल्या आहेत.

"तू बोटबोटभर कापलंस. ही बाजरीच्या दाण्याएवढी जाड आहे. तुझ्या सुरीत गेली असेल." त्यांनी नखानं खूण केली. "इथं. गाळ नाही हा. एका दमात येऊन पडलेली वाळू आहे."

मालननं भिंग काढलं. नखाच्या खुणेशी एक रेघ होती, काळपट गाळात किंचित फिकट. वाळूच होती, भरड, धारदार कणांची. तिनं तिच्यावरचा गाळ सुईनं थोडा थोडा उकरून वाटीत पाण्यात सोडला. वाळूच्या लगेच वर शंख नव्हते. अर्धं बोट वर, तरीही नव्हते. मग एक. मग तीन. बोटभर वर गेल्यावर वाटीच्या तळाशी पुन्हा सगळी पांढरी मोहरी पसरली.

तिनं मोजपट्टी लावली. त्या भागात वर्षाला किती गाळ साचतो ते तिला ठाऊक होतं. तिनं पाठीमागं हिशेब केला आणि दोनदा केला. एकोणीस-वीस वर्षं. त्या किनाऱ्यावरचा कुठलाही कोळी ते साल झोपेतही सांगेल. १९६४ चा डिसेंबर, ज्या रात्रीच्या चक्रीवादळानं समुद्र गावांवरून गेला होता. वाळूची ही रेघ म्हणजे ती रात्र होती. त्या रात्री सगळं कुरण वाळूखाली गेलं होतं. काही वर्षं तिथं काहीच नव्हतं. मग गवत परत आलं होतं, इतकं भरून, की बारा वर्षांनी मालन तिथं गेली तेव्हा पायाखाली गादी लागली आणि ते एकदा मेलं होतं हे तिच्या मनातही आलं नाही.

तिनं हे सगळं सांगितलं. नलिनी कणकेच्या हातांनीच खाली बसली आणि त्या रेघेकडं पाहत राहिली. रघुजींचं बोट अजून नळीवर होतं. ते ज्या जागी शंख परत सुरू होत होते तिथं हळूच फिरत होतं, पुन्हा पुन्हा.

"परत आलं म्हणजे," ते शेवटी म्हणाले.

"हो आबा."

"कुणी लावलं नाही."

"नाही."

त्यांनी डोळे उघडले. डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांचा चेहरा हसरा होता. आपल्याला एवढं दिसलं हे पुष्कळ झालं, असं काहीसं ते अण्णांना संध्याकाळी म्हणाले.

केंद्रावर गेल्यावर मालननं उरलेल्या नळ्या पुन्हा तपासल्या, या वेळी सुरी बाजूला ठेवून, बोटानं. बावीस नळ्यांत ती रेघ सापडली. समितीपुढं तिनं एक चिरलेली नळी टेबलावर ठेवली आणि सभासदांना एकेकाला बोट फिरवायला लावलं. १९८६ च्या अखेरीस धक्क्याचा चिखल दूर खोल पाण्यात नेऊन टाकायचं ठरलं. नंतरच्या वर्षी अहवाल छापून निघाला. शेवटच्या पानावर ज्यांचे आभार मानले होते त्यांत चार कोळ्यांची नावं होती, आणि 'रघुजी धोत्रे, पाथरवट, धार' असं होतं. सुभाषनं ते पान कारखान्यात नेऊन दाखवलं.

१९८८ च्या मे महिन्यात मालन घरी आली. रघुजी आता बहुतेक वेळ उशीला टेकून असत, बोलताना दोन शब्दांमध्ये श्वास घेत. तिनं खाटेजवळ बसून सांगितलं की कुरणाच्या दक्षिणेच्या कडेला गवत आलं आहे. विरळ आहे, एका हाताच्या चौकोनात आठ-दहा काड्या, पण पानं हिरवी आहेत, आणि मार्चमध्ये एका रोपाला फूल होतं. पानावर तिनं भिंग धरलं तर दोन गोगलगाई होत्या.

ते सगळं त्यांनी ऐकलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती वाळू, वादळाची. ती किनाऱ्यावरची आत गेली, की खोलातली वर आली?"

मालननं विचार केला. ठाऊक नाही, असं तिनं सांगितलं.

"कण धारदार होते," रघुजी म्हणाले. "किनाऱ्यावरची घासून गोल होते. बघ एकदा."

तिनं वही काढली आणि लिहून घेतलं.